वरचा दात

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. सासरी कट्टा गावाहून निरोप धाडायचा तर मोटारीच्या कंडक्टरकडे, नाहीतर मालवणच्या बाजाराला निघालेल्या एखाद्या बाईकडे. मी बरी आहे, पोर बरी आहे, गणपतीला येते. एवढ्यावर आपलं भागत असे. जे खरं विचारायचं होतं ते कंडक्टरच्या तोंडून विचारण्यासारखं नव्हतं, आणि समोरासमोर आलो की तू नेमकं काहीतरी तळायला घ्यायचीस. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या वयालाही मी मागे टाकलं. वाचता येतं की येत नाही, ही अडचण आता उरली नाही. म्हणून लिहायला बसले आहे. घरात दात येणारं बाळ आहे आणि काल ते दिवसभर किरकिरत होतं, त्यावरून हे सगळं वर आलं.

तुझे हात आधी आठवतात. बाजारातून तू दुपारी यायचीस, पाटी उलटी करून विहिरीवर ठेवायचीस आणि मग हात धुवायला बसायचीस. आधी राख, मग चिंच, मग परत राख. माशांचा वास जाईपर्यंत तू बोटं घासायचीस, आणि तेवढ्यात पडवीत कुणीतरी बाई पोर घेऊन येऊन बसलेली असायची. आपल्या वाडीत कुणाच्या पोराला दात यायला लागले की ते तुझ्याकडे आणायचे, हे ठरलेलं होतं. तू बाळाला पालथं हातावर घ्यायचीस, त्याची हनुवटी तुझ्या कोपराच्या खोबणीत, आणि खळ्यात, पडवीसमोरच्या अंगणात, फिरायला लागायचीस. पोर लाळ गाळत, मुसमुसत, तुझ्या हाताला चावत गप्प व्हायचं. मग उजव्या हाताचं बोट विहिरीच्या गार पाण्यात बुडवून तू त्याच्या हिरडीवरून फिरवायचीस, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, अगदी सावकाश. जिथे दुखतं तिथे पोर बोट धरतं, तिथे थांबायचं, तू म्हणायचीस. चघळायला ज्येष्ठमधाची काडी, नाहीतर दोऱ्यात ओवलेली खारीक. फार ताप असला तर शहाळ्याचं पाणी. आणि आईला दम, कारण आया तुझ्या मते पोरांपेक्षा जास्त रडत.

मलाही दम मिळालाच. माझी लेक तुझ्याच घरी झाली, चैत्रात. हे मुंबईला नोकरीत, आणि कट्ट्याच्या घरात सासरे एकटे, सासू कधीच वारलेली. घरात बाई माणूस नाही तिथे ओली बाळंतीण धाडायची नाही म्हणून तू मला ठेवून घेतलंस, आणि वर्ष उलटलं तरी जा म्हणाली नाहीस. पोर किरकिरायला लागली तेव्हा मी तुझं बघून तिच्या तोंडात बोट घातलं, तर तिने टाहो फोडला आणि हिरडीवर रक्त आलं. तू माझा हात ओढून उजेडात धरलास. "आधी नख काप, मगे आवस हो," म्हणालीस. मग आई हो म्हणे! मला इतका राग आला होता. मग तू तिला घेतलंस, हातावर पालथी टाकलीस, आणि चालता चालता माझ्याकडे न बघता म्हणालीस, "भुयतसून कोंब येता तेव्हा भुईक पण दुखता. ती रडना नाय, इतक्याच." तुझं माफी मागणं असंच असायचं.

तो पाऊसभर माझा भाऊ घरी होता. गलबतं किनाऱ्याला ओढून माडाच्या झापांनी शाकारलेली, खलाशांना काम नाही, आणि हा दिवसभर भाचीला खांद्यावर घेऊन वाडी हिंडायचा. लोक हसायचे. बायकोचा पत्ता नाही आणि पोर वागवतो आहे, म्हणायचे. नारळी पुनवेनंतर गलबत निघालं तेव्हा बंदरावर त्याने तिचे गाल ओढले आणि तिला सांगितलं की परत येईन तेव्हा चावून दाखव. मी तिथे होते, तूही होतीस. आपण हसलो.

मार्गशीर्षातली ती सकाळ मला जशीच्या तशी दिसते. तू बाजाराला निघण्याआधी पोरीला मांडीवर घेऊन बसली आहेस. ती अंगाने गरम आहे, सगळी हनुवटी लाळेने लाल झाली आहे. तू बोट गार पाण्यात बुडवतेस, खालच्या हिरडीवरून फिरवतेस, काही नाही. मग वरच्या हिरडीवर जातेस आणि तुझं बोट थांबतं. पोर गप्प होते, बोट धरून बसते, तिला बरं वाटतं आहे. तू मात्र तसंच बोट तिच्या तोंडात ठेवून समोर खळ्याकडे बघत राहतेस. मग बोट काढून पदराला पुसतेस, पुसत राहतेस, आणि म्हणतेस, "वयलो आसा." बस. वरचा. पोर माझ्याकडे देतेस आणि पाटी उचलून चालू लागतेस. ज्या बाईने वाडीतल्या सगळ्या पोरांचे दात बोटाने शोधले, तिच्या स्वतःच्या नातीचा वरचा दात आधी यावा. वरचे दात आधी आले की ते मामाला जड, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी ठाऊक होतं. आपल्यात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

त्यावर उतारा होता, तोही तू शोधून आलीस. मामाने आधी बाळाचं तोंड तेलात बघायचं. थाळीत तेल ओतायचं, बाळाला मागून वर धरायचं, मामाने मान खाली घालून तेलातली सावली बघायची आणि मगच मान वर करून बाळाला हातात घ्यायचं. एवढं केलं की दोष उतरतो. तू मला बजावलंस की तो येईल त्या दिवशी पोरीला माजघरातून बाहेर काढायची नाही, मी हाक मारेपर्यंत. मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा हसू येत होतं. पण तू उतारा शोधलास याचंच मला बरं वाटलं होतं, कारण त्या सकाळपासून तू पोरीला घेत नव्हतीस. ती किरकिरली की तू ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातात द्यायचीस. ते मला सोसवत नव्हतं.

तो पौषात आला, दुपारी येणार म्हणून निरोप होता आणि आला सकाळीच, होडीतून उतरून थेट घरी. त्या दिवशी गारठा होता. तू त्याला खळ्यातच अडवलंस. मी माजघरात पोरीला घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "थंयच उभो रव. आधी तेलात बघ, मगे तिका घे." तो हसला, पण उभा राहिला. तू थाळी आणलीस, बाटली आणलीस, आणि बाटली उलटी केलीस तर काहीच पडेना. खोबरेल तेल, पौषातली सकाळ. सगळं पांढरं, घट्ट झालेलं. काडीने उकरून थाळीत काढलंस तरी त्यात कुणाचं तोंड दिसणार? "तेल थिजला. थांब, गरम करून हाडतंय," म्हणून तू आत गेलीस. आणि चूल विझलेली होती. मला तुझं फुंकणं ऐकू येत होतं. ओल्या सोडणांचा, नारळाच्या सालींचा, धूर माजघरात आला, पोर आधीच हिरड्यांनी हैराण, धुराने ती बिथरली आणि काळीज फाटेल अशी रडायला लागली. मी तिला पालथी घेतली, बोट दिलं, काडी दिली, काही चालेना. त्याला पोराचं रडणं कधी ऐकवत नसे. मी "थांब रे" म्हणेपर्यंत तो आत होता, पायांना वाळू तशीच. त्याने तिला माझ्या हातातून घेतलं, खिशातून एक पांढरं रबराचं कडं काढलं. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि बांद्याच्या बाजूने असला परदेशी माल चोरून यायचा, कुठून तरी त्याने ते पैदा केलं होतं. पोरीने कडं भिरकावलं आणि त्याचं बोट धरलं. दोर ओढून ओढून राठ झालेलं, खारट बोट. ते तोंडात जाताच ती गप्प. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "कशी चावता बघ." त्याच वेळी तू दारात आलीस. फडक्याने धरलेली थाळी, तिच्यात वितळलेलं तेल, आणि तुझे डोळे धुराने लाल झालेले.

तरी तू ते केलंस. पोर त्याच्याकडून माझ्याकडे देववलीस, मला त्याच्या मागे उभं केलंस, त्याची मान धरून थाळीवर वाकवलीस. तो तेलात तोंड वेडंवाकडं करून दाखवायला लागला. "माझाच तोंड दिसता गो आये. नातीचा खंय गेला?" मी हसले. तू हसली नाहीस. ते तेल तू माडाच्या बुंध्याशी ओतून आलीस आणि त्याला जेवायला वाढलंस. बांगड्याचं तिखलं केलं होतंस, ते त्याला आवडायचं.

पुढे खालचे दातही आले. शिमग्याच्या सुमारास तू एकदा विसरल्यासारखी पोरीला उचललंस, आणि मग उचलायलाच लागलीस. दाढांनी तिला फार छळलं, आणि तू पुन्हा तिला हातावर पालथी टाकून खळ्यात फिरायचीस. मला वाटलं, सुटलो. ते दोन-अडीच महिने मी आयुष्यात फार वेळा पुन्हा जगले आहे. वैशाख संपता संपता गलबतं शेवटच्या फेरीहून परतायला लागली. भाऊ पुन्हा गलबतावर गेलेला होता. एका गलबताच्या म्होरक्याने, तांडेलाने, येऊन सांगितलं की वादळात आमची आणि भाऊच्या गलबताची ताटातूट झाली, ते मागून येतील. मागून कुणी आलं नाही. मिरग लागला. सगळ्यांनी आपापली गलबतं वर ओढली, शाकारली. त्या रांगेत मध्ये एक जागा तशीच मोकळी होती आणि तू रोज बाजारातून येताना त्या जागेवरून यायचीस, वाट वाकडी करून. कुणी तुला काही सांगितलं नाही. प्रेत नाही, खबर नाही, मग सांगणार काय? एका दुपारी पोर, नुकती चालायला लागलेली, तोंडात काडी घेऊन डुलत डुलत तुझ्याकडे आली आणि तुझ्या गुडघ्याला धरायला तिने हात पुढे केला. तू गुडघे जवळ ओढून घेतलेस. फार हळू. ओरडली असतीस तर मी भांडले असते. त्या आठवड्यात मी कट्ट्याला निघून आले, सासऱ्यांचं निमित्त करून.

तू तिला शिव्या दिल्या नाहीस, हे मला कबूल आहे. बाजारात कुणी एक बाई तुझ्या तोंडावर म्हणाली, "मामाक गिळल्यान गो तुझ्या नातीन," तर तू कोयता फळीवर आपटून तिला असं काही बोललीस की ती पुन्हा तुझ्या शेजारी बसली नाही. हे मला बाहेरून कळलं. आम्ही गणपतीला आणि हिवाळ्यात यायचो तेव्हा मोठी सुंगटं, ती जाड कोळंबी, पोरीच्या वाटणीला असायची, सोलकढी तिच्यासाठी कमी तिखट. पण वाटी तू माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, तिका दी. परकराचं कापड आणायचीस ते पेटीवर ठेवायचीस. तिला नमस्कार करायला वाकवली तर तुझे पाय आधीच मागे. मी प्रत्येक वेळी ठरवून यायचे की आता विचारेन, आणि प्रत्येक वेळी तुझं तोंड बघून गप्प बसायचे. मला काही मोठं नको होतं, आये. एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवला असतास तर पुरे होतं.

आणि तो दाताचा दिवस. पोर दुसरीत होती. शाळेतल्या कुणीतरी तिला सगळं सांगून टाकलं होतं. असल्या गोष्टी पोरांना सांगायला लोकांना फार आवडतं. मला ती काही बोलली नाही. तिचे पुढचे दात हलत होते, आणि वरचा पडला तेव्हा तिने तो कौलांवर टाकू दिला नाही, फडक्यात बांधून ठेवला. पुढच्या खेपेला तुझ्या घरी गेल्यावर ती खळ्यातून चालत तुझ्यापाशी आली. तू उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होतीस. तिने मूठ उघडली. "आजये, तो दात पडलो," ती म्हणाली. "आता माका जवळ घे."

मी मागे उभी होते. तू मान वर केलीस, तिच्याकडे बघितलंस, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलंस असं मला वाटलं. तुझा हात सुपावरून उचलला गेला हे मी पाहिलं, आये, ते मी कुणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही. मग तो परत सुपात गेला. "थंय ठेव. उंबऱ्यार," तू म्हणालीस. तिने दात उंबऱ्यावर ठेवला आणि ती माझ्यापाशी आलीसुद्धा नाही, सरळ माडांकडे गेली. तू पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस. थोड्या वेळाने आतून विचारलंस की पोरीला भूक लागली असेल, पेज काढू का. त्या क्षणी मला तुझा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा कुणाचाच कधी वाटला नाही.

त्याच मुक्कामात मी चुलीपाशी गेले तर खोबरेलाची बाटली वैलाजवळ उबेला टेकून ठेवलेली दिसली. थंडीचे दिवस होते आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. मी ती उचलून फळीवर ठेवायला गेले, तर तू माझ्या हातातून घेऊन परत तिथेच ठेवलीस. नंतर दर हिवाळ्यात मी ती तिथेच पाहिली. तेव्हा मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ. फार उशिरा, तू गेल्यावर, एकदा तेल वितळवताना माझ्या लक्षात आलं की तू इतकी वर्षं पोरीवर नाही, विझलेल्या चुलीवर रागावलेली होतीस. पोरीला हात लावलास की तुला ती सकाळ हाताला लागत असेल. समजलं, पण त्याने काय झालं? समजून माझ्या लेकीला काही मिळालं नाही. तिच्या वाट्याला तुझा हात आलाच नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तिला घेऊन आले होते. ती चांगली मोठी झाली होती, परकर-पोलक्यातली. तुझ्या तोंडात तेव्हा एकही दात उरला नव्हता, हिरड्या कोरड्या पडून सोलवटल्या होत्या आणि तू कण्हत होतीस. मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर ती तुझ्या उशाशी बसलेली. तिने बोटाला मध लावला होता आणि ती ते तुझ्या हिरडीवरून फिरवत होती, एका कोपऱ्यापासून, सावकाश. हे तिला मी शिकवलं नव्हतं. आपल्या वाडीतल्या बायकांना करताना बघून शिकली असेल. तुझं कण्हणं थांबलं होतं. मी दारातच थांबले. आणि मग तू मान भिंतीकडे वळवलीस आणि तोंड मिटून घेतलंस. ती तशीच बोट धरून बसली. मला बघून म्हणाली, आजीला नको आहे. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मला एवढंच विचारायचं होतं, आये, इतकी वर्षं एवढंच: ते बोट कुणाचं आहे हे तुला कळलं होतं का? कळून तोंड मिटलंस, की न कळता? दोन्हीपैकी कुठलं उत्तर बरं, हेही मला ठरवता आलेलं नाही.

आता कालचं सांगते. माझ्या लेकीला उशिरा का होईना मुलगी झाली आहे. ती माझ्यापाशी कट्ट्यालाच आहे आणि आम्ही दोघी दात येणाऱ्या पोराने दमलो आहोत. लेक कुणाच्याही पोराला पटकन उचलून घेत नाही, आधी विचारते, घेऊ का? स्वतःच्या पोरीलाही कधी कधी मला विचारून घेते. त्या सवयीचं मूळ मला माहीत आहे, पण ते बोलून काय होणार. काल ती ज्येष्ठमध धुवायला आत गेली आणि बाळ माझ्या मांडीवर रडत होतं. मी नख आधीच कापून ठेवलं होतं. बोट गार पाण्यात बुडवलं आणि तिच्या तोंडात घातलं. वरच्या हिरडीवर काही लागलं नाही. मग खाली गेले, तिथे दात होता, तांदळाच्या कणीसारखा. बाळाने बोट धरलं आणि ते शांत झालं. आतून लेकीने विचारलं, "इलो गो दात?"

"सकयलो इलो," मी म्हटलं. खालचा आला.

ती बाहेर आली, ओली काडी हातात, आणि माझ्याकडे बघत राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. "खयचो, ता मी खंय इचारलंय?" म्हणाली. कुठला, ते तिने विचारलंच नव्हतं. आणि बाळाला माझ्या मांडीवरून उचलून घेऊन गेली, या खेपेला मला न विचारता.

मला त्या एका लेकीनंतर मूल झालं नाही, हे तुला माहीतच आहे. तिला भाऊ नाही. या बाळाला मामाच नाही, आये. कुणाला जड जाणार होता तो दात? तरी माझं बोट आधी वर गेलं, आणि वर काही लागलं नाही तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कागद घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवते आहे, तिथे ती हात घालत नाही. बोट मात्र काल ती बाळाला घेऊन गेल्यावरही मी पदराला पुसत बसले होते.